जड जीभ

बसस्थानकावर त्याला सगळे भोंगा म्हणत. तोंडावरच म्हणत, आणि त्यालाही त्यात काही लागून घेण्यासारखं वाटत नसे. चौकशीच्या खिडकीमागे काचेची एक खोली होती. तिथे माईकपुढे बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कोणाचं मूल हरवलंय आणि कोणाची छत्री सापडलीय हे सांगायचं, हे त्याचं काम. आवाज खणखणीत, शब्द सुटे सुटे. कानाने कमी ऐकणारी म्हातारी माणसंसुद्धा त्याच्या घोषणेला मान वर करून बरोबर फलाटाकडे चालू लागत. बायको म्हणायची, घरात यांनी मला हाक मारली तर शेजारचे उत्तर देतात.

त्याचे वडील दारूत गेले. आईने त्या माणसाबरोबर उभं आयुष्य काढलं आणि वडील गेल्यावर ती मुलाच्या घरी राहायला आली. भोंग्याने दारूला कधी शिवलंही नाही. कोणी निवृत्त झालं, जेवणावळ झाली, की हा कोपऱ्यात रिकाम्या हाताने बसायचा. सरबताचा ग्लाससुद्धा धरायचा नाही. लांबून बघणाऱ्याला काय दिसेल कोणास ठाऊक. लहानपणी नातेवाईक त्याच्या देखत म्हणायचे, 'खाण तशी माती.' ते वाक्य त्याने कधी कोणाला परत सांगितलं नव्हतं, पण विसरलाही नव्हता.

अंगाने तो पहिल्यापासून भरलेला. बसून काम, वेळी-अवेळी खाणं. चाळिशी ओलांडल्यावर कामाच्या ठिकाणी तपासणी झाली, तेव्हा रक्तात साखर निघाली. गल्लीतले डॉक्टर भले गृहस्थ होते, पण त्यांच्या दवाखान्यात बसायला जागा मिळायची नाही इतकी गर्दी. त्यांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, 'कमी खा, रोज चाला.' तो काही महिने चालला. मग चालणं सुटलं, पण गोळ्या मात्र त्याने चुकवल्या नाहीत.

थकवा नक्की कधी सुरू झाला ते त्याला पुढे आठवेना. एक दिवस काचेच्या खोलीच्या पायऱ्या चढताना त्याने कठडा धरला, आणि मग रोजच धरायला लागला. सकाळी उठल्यावर अंग असं वाटे, जणू रात्रभर कोणी पोती उचलायला लावली होती. बाकीचे पंखा लाव म्हणून ओरडत असताना हा स्वेटर घालून बसे. कंगव्यात केस येऊ लागले. डोळ्यांखालच्या पिशव्या फुगल्या. बोटातली अंगठी निघेना, तेव्हा बायकोने साबण लावून ती ओढून काढली आणि कपाटात ठेवून दिली. जेवण आधीपेक्षा कमी झालं होतं, तरी वजनकाटा आपला पुढेच सरकत होता.

"अहो, तुम्ही बाहेर काही खाता का?" बायकोने विचारलं.

"भूकच नसते गं. काय खाणार?"

"मग हे अंग कशावर वाढतंय? हवेवर?"

ती लहान मुलांच्या शाळेत मदतनीस होती. दिवसभर तीस पोरांची नाकं पुसून घरी आली की तिच्यात भांडायचंही त्राण नसे. प्रश्न तसाच राहून गेला.

मग आवाज बिघडला. आधी वाटलं सर्दी आहे. घसा बसल्यासारखा, शब्द जाड. पण खोकला नाही, ताप नाही. हळूहळू जीभ तोंडात मावेनाशी झाल्यासारखी झाली. दोन अक्षरं एकमेकांना चिकटून बाहेर पडत. वाक्य सुरू केल्यावर मधेच गावाचं नाव आठवेना, आणि माईक चालू असताना सगळ्या स्थानकाला त्याचा नुसता श्वास ऐकू येई. दोन घोषणांच्या मधे त्याचा डोळा लागे. खिडकीवरची चौकशीवाली बाई काचेवर टकटक करून उठवायची. "भोंगा, गाडी लागलीय." तो दचकून माईकवर झुके आणि बोलायला लागे, ते पाय ओढत चालणाऱ्या माणसासारखं.

त्या वर्षी गल्लीतल्या डॉक्टरांनी साखरेबरोबर यकृताचीही तपासणी करून आणायला सांगितली. मधुमेहाच्या माणसाची वर्षातून एकदा करायची, एवढंच. रिपोर्ट दाखवायला नवराबायको दोघंही गेले. डॉक्टरांनी कागद बघितला, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. सुजलेले डोळे, फुगलेला चेहरा.

"किती घेता?"

"गोळ्या? दोन. सकाळी एक, सं—"

"गोळ्या नाही हो. दारू किती घेता?"

"मी पीत नाही, डॉक्टर."

"बघा, यकृताची एन्झाइम्स वाढलेली आहेत. यकृताला इजा झाली की ती रक्तात उतरतात. खरं सांगितलंत तर मला औषध देता येईल."

"मी पीत नाही," तो पुन्हा म्हणाला. पण ते वाक्य त्याच्या तोंडातून इतकं जड आणि ओढून निघालं की बायकोने खाली बघितलं. बाहेर पुढचा पेशंट दार ढकलून आत यायच्या तयारीत होता. डॉक्टर म्हणाले, "जी काही घेत असाल ती बंद करा. तीन महिन्यांनी परत बघू."

घरी येताना बायको दोन पावलं पुढे चालत होती. तिचा विश्वास उडाला होता असं नाही. पण डॉक्टरांचं वाक्य तिच्या कानात मुरलं होतं, आणि आपल्या माणसावर विश्वास ठेवायचा की छापील कागदावर, हे ठरवायला तिला वेळ हवा होता. तेवढ्यात आईने विचारलं, "काय म्हणाले?" आणि बायकोच्या तोंडून सहज निघून गेलं, "यकृताचं काहीतरी वाढलंय. पिता का विचारत होते."

आई हातातली भाजी तशीच ठेवून उठली आणि आतल्या खोलीत जाऊन बसली.

तिला आणखी पुरावा नकोच होता. तिने हे सगळं आधी बघितलं होतं. सुजलेलं तोंड, जड जीभ, दिवसा झोप, विसरणं, जिन्यावर अडखळणं. दुधाने तोंड भाजलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. त्या बाईचं तर नुसतं तोंड नाही, आयुष्य भाजलं होतं. दुसऱ्या दिवसापासून भोंगा कामावरून आला की आई दारातच उभी असे. चपला काढायला तो वाकला की तीही जवळ वाकायची आणि श्वास ओढून घ्यायची. त्याला पहिल्या दिवशी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं आणि तो तसाच वाकलेला राहिला, कारण सरळ होऊन तिच्याकडे बघायचं त्याला धैर्य होईना.

एका दुपारी तो लवकर घरी आला. न्हाणीघरातून खुडबुड ऐकू आली. बघतो तर आई स्टुलावर उभी. एवढी थकलेली बाई, एक हात भिंतीला आणि दुसरा पाण्याच्या टाकीमागे कोपरापर्यंत घातलेला.

"आई, खाली उतर. पडशील."

"तुझा बाप इथेच ठेवायचा," ती वळून न बघता म्हणाली. "टाकीमागे. नाहीतर पिठाच्या डब्यात."

"माझं काही नाहीये तिथे."

"तोही असंच म्हणायचा."

त्याने तिला धरून खाली उतरवलं. तिचा हात धुळीने माखला होता. तो नळाखाली धरून त्याने धुतला. काही बोलावं असं त्याला फार वाटलं, पण बोलायला लागलं की जीभ अडखळणार आणि तेच पुन्हा पुरावा ठरणार, म्हणून त्याने नुसता टॉवेल पुढे केला. त्या दिवसांत तो इतका थकलेला असे की कधीकधी त्यालाच शंका यायची. आपण झोपेत उठून कुठे काही पितो की काय? नाहीतर हे सगळे एकदम कसे चुकतील?

कामावर व्हायचं ते थोड्याच दिवसांत झालं. संध्याकाळच्या गर्दीत त्याने एक गाडी चुकीच्या फलाटावर सांगितली. चूक लक्षात येऊन ती सुधारेपर्यंत गाडी निघून गेली. एक कुटुंब मयताला निघालं होतं. त्यातला थोरला मुलगा काचेवर हात आपटत राहिला. "माझ्या काकांचं तोंड बघायचं राहिलं या बेवड्यामुळे," असं त्याने सगळ्यांसमोर म्हटलं आणि तक्रार लिहून दिली.

डेपो मॅनेजरने भोंग्याला केबिनमध्ये बोलावलं. गाडीवर चढण्याआधी ड्रायव्हर लोकांना ज्या यंत्रात फुंकायला लावतात, ते टेबलावर ठेवलं होतं. मॅनेजर वयाने लहान, त्याला अवघडल्यासारखं झालं होतं.

"काका, एकदा फुंका. माझ्यासाठी."

भोंग्याने फुंकलं. दम कमी पडला, म्हणून परत फुंकलं. यंत्रावर शून्य आलं.

मॅनेजरने यंत्र खणात ठेवलं. "यंत्र म्हणतंय तुम्ही स्वच्छ आहात. पण लोकांना यंत्र ऐकू येत नाही, काका. तुमचा आवाज ऐकू येतो." मग म्हणाला, "बरं वाटेपर्यंत सापडलेल्या सामानाच्या खिडकीवर बसा. घोषणा आता रेकॉर्डवर टाकतोय आम्ही, तसंही."

सापडलेल्या सामानाची खोली स्थानकाच्या मागच्या अंगाला होती. छत्र्या, एकेक चप्पल, लहान मुलांच्या पाण्याच्या बाटल्या. दिवसातून चार माणसं येत. भोंगा तिथे स्वेटर घालून बसायचा आणि रेकॉर्डवरची बाई बाहेर गाड्या सांगायची. तिचा एकही शब्द चुकत नव्हता. घरी त्याने शून्य आल्याचं सांगितलं. आई म्हणाली, "एखादा दिवस तोही कोरडा असायचा."

मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. आजवर ती या सगळ्यात पडली नव्हती. पण बाबा सामानाच्या खोलीत बसलेत हे ऐकल्यावर तिने सुट्टी काढली आणि त्याला मोठ्या रुग्णालयाच्या मधुमेह विभागात नेलं. "दुसऱ्या डॉक्टरने बघायला काय हरकत आहे?" एवढंच ती म्हणाली. तो म्हणाला, "पुन्हा तेच विचारतील." तरीही तो गेला. नको म्हणायलाही अंगात ताकद लागते.

तिथल्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, केस आखूड, स्वतःच्याही डोळ्यांखाली काळं. रांग लांब होती आणि त्या दमलेल्या दिसत होत्या. पण त्यांनी त्याला आधी बोलू दिलं. काय होतंय ते तो सावकाश सांगत राहिला. त्या कागदाकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"आवाज पहिल्यापासून असा आहे?"

मुलगीच बोलली. "नाही हो. बाबा घोषणा करायचे. त्यांचा आवाज कसा होता हे सगळ्या स्थानकाला विचारा."

"थंडी वाजते? बाकीच्यांना उकडत असताना?"

"हो."

"पोट साफ होतं?"

तो ओशाळून मुलीकडे बघायला लागला. मुलगी म्हणाली, "मी खिडकीबाहेर बघते, तुम्ही सांगा."

बाईंनी त्याच्या भुवयांची टोकं बघितली, तिथले केस गेले होते. नाडी मोजली. मग त्याला खुर्चीवर गुडघे टेकून उलटं बसायला लावलं, पावलं मागे लोंबती. एवढ्या अंगाचा माणूस तसा चढून बसेपर्यंत त्याची दमछाक झाली. बाईंनी लहान रबरी हातोडीने टाचेच्या वर ठोकलं. पाऊल हललं, आणि मग सावकाश, अगदी सावकाश मागे आलं. घाई नसलेल्या माणसाने दार लोटावं तसं. बाईंनी दुसऱ्या पायावरही करून बघितलं.

"तुमचा थायरॉइड कोणी तपासलाय?"

"नाही."

रक्त दिलं. परत बोलावलं त्या दिवशी बायकोही बरोबर होती. बाईंनी सगळं साध्या भाषेत सांगितलं. गळ्यात एक ग्रंथी असते, शरीर किती वेगाने चालवायचं ते ती ठरवते. याची ग्रंथी जवळजवळ बंद पडली होती. डोक्यातून तिला हुकूम सुटत होते, काम कर, काम कर, म्हणून हुकुमाचा आकडा आभाळाला भिडला होता, आणि ग्रंथीतून यायचं ते संप्रेरक तळाला गेलं होतं. म्हणून थकवा, म्हणून थंडी, म्हणून जीभ सुजलेली.

"आणि यकृत?" बायकोने विचारलं.

"यकृतावर चरबी आहे. वजन आणि साखर दोन्ही असलं की बऱ्याच जणांना होते, दारूचा थेंब न घेता. शिवाय त्या एन्झाइम्सपैकी काही स्नायूंतूनही येतात. थायरॉइड मंदावला की स्नायूही कुरकुरतात. स्नायूंचं वेगळं एन्झाइम मी तपासून घेतलं, तेही चढलेलं आहे. त्या आकड्याला दारू हे एक कारण असतं, एकमेव नसतं."

"म्हणजे हे पीत नाहीत," बायको म्हणाली.

"ते मी रक्त बघून सांगू शकत नाही. ते तुम्हाला माहीत."

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. "मला माहीत होतं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "नव्हतं. मधे नव्हतं माहीत." त्याने मान हलवली. त्याला राग आला नाही. राग यायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

गोळी लहान होती. सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या तासाने. हृदयावर ताण नको म्हणून आधी अगदी कमी, मग वाढवत न्यायची. बाईंनी बजावून सांगितलं, "ही साखरेची गोळी नाही आणि बारीक व्हायचीही नाही. साखरेच्या गोळ्या चालूच राहतील. चालणंही."

पहिले काही आठवडे काहीच झालं नाही. तो निराश झाला. मग एकदा दुपारी सामानाच्या खोलीत त्याला जाणवलं की स्वेटर काढून खुर्चीला टांगलाय, आणि कधी काढला ते आठवत नाही. चेहऱ्याची सूज उतरली. वजन थोडंसं उतरलं, पण पोट जागच्या जागीच होतं. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचं तोंड परत तुमच्यासारखं दिसायला लागलंय." आवाज मात्र रेंगाळत आला.

आईला सगळ्यांनी समजावलं. मुलीने ग्रंथीचं चित्र काढून दाखवलं. आई ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि संध्याकाळी दारात उभी राहायची.

शेवटी एका संध्याकाळी भोंगा चपला न काढता तिच्यासमोर पायरीवर बसला.

"आई, किती दिवस असं करशील?"

ती पदराचं टोक चाळवू लागली. "तुझ्यावर संशय नाही रे आता," ती म्हणाली. "मला कळतंय, डॉक्टरीणबाईंचं खरं असणार. पण इतकी वर्षं संध्याकाळी दार वाजलं की मी आधी वास घेतलाय. त्यावरून ठरायचं, आज जेवायला वाढायचं की तुला घेऊन शेजारी जायचं. आता अंगालाच सवय झालीय. वास घेतल्याशिवाय छातीतली धडधड थांबत नाही."

हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. लहानपणी शेजारी जाऊन झोपल्याचं त्याला आठवत होतं. ती आधी काय करायची हे ठाऊक नव्हतं.

"मग घे," तो म्हणाला आणि चेहरा पुढे केला. "रोज घे. मला काही होत नाही."

आईने वास घेतला. भुवया जवळ आल्या.

"क्रीमचं बिस्किट खाल्लंस."

"एकच."

"दोन," आई म्हणाली. "डॉक्टरीणबाईंना सांगणार आहे मी." आणि ती खूप दिवसांनी हसली, तोंडावर पदर धरून. तोही हसला. हसण्याने त्याला दम लागला.

बाईंनी सांगितलं होतं की हा आजार घराण्यात चालतो, जवळच्यांनीही तपासून घ्यावं. मुलीने तपासून घेतलं. तिचं ठीक निघालं, पण दर वर्षी बघत राहायला सांगितलं. आईने साफ नकार दिला. "मी दमलेय ते कशाने दमलेय हे मला माहीत आहे," ती म्हणाली.

वर्षभराने यकृताचे आकडे खाली आले, पण पुरते नाहीत. चरबी होती ती होतीच. साखर कधी शहाण्यासारखी वागे, कधी नाही. गल्लीतल्या डॉक्टरांना त्याने नवे कागद नेऊन दाखवले. त्यांनी ते शांतपणे वाचले आणि म्हणाले, "माझ्याकडून राहून गेलं." दारात गर्दी तशीच होती. भोंगा म्हणाला, "असू द्या, डॉक्टर," आणि पुढच्या पेशंटला वाट दिली.

मॅनेजरने त्याला परत काचेच्या खोलीत बसवलं, पण फक्त सकाळची पाळी. बाकीचा दिवस रेकॉर्डवरच्या बाईचा. आवाज पूर्वीसारखा खणखणीत झाला नाही, थोडा खालच्या पट्टीतच राहिला. गावांची नावं आणि फलाटांचे आकडे तो आता कागदावर लिहून समोर ठेवतो, न आठवण्याच्या भीतीने नव्हे, त्या दिवशी चुकीचा फलाट सांगितल्याचं मनातून गेलेलं नाही म्हणून. ते कुटुंब पुन्हा कधी स्थानकावर दिसलं नाही. दिसलं असतं तर काय बोलायचं, हे त्याने पुष्कळदा ठरवून बघितलंय.

दुपारी पाळी संपली की तो तडक घरी जात नाही. स्थानकाला एक वळसा घालतो, सांगितलंय तेवढं चालतो. मधल्या बाकावर टेकतो, पाणी पितो. चौकशीवाली बाई खिडकीतून विचारते, "दमलास का रे, भोंगा?"

"दमलो," तो म्हणतो. "पण आज काम करून दमलोय."

आणि उठून उरलेला अर्धा वळसा घालायला निघतो.